ज्या हातांनी बसवलं

कर्जतहून मुरबाडकडे निघालं की कशेळ्याला रस्ते फुटतात. एक वाट खांडसला जाते, तिथून पुढे भीमाशंकरचा चढ. दुसरी आंबिवलीकडे, जिथून कोथळीगडाचा सुळका मान वर करून बघावा लागतो. पावसाळ्यातल्या शनिवारी नाक्यावर सॅकवाली पोरं चहाला थांबलेली असतात. कर्जत-नेरळच्या या पट्ट्यात भातखाचरांच्या मधोमध आता कंपाउंडच्या भिंती दिसतात. सेकंड होम, बंगलो प्लॉट, चार मजल्यांच्या इमारती. घरमालक डोंबिवलीला, मुलुंडला, पुण्याला. घर मात्र इथे, डोंगराच्या पायथ्याशी.

या दृश्यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. इथे एकाच शिवारात दोन लहानशी सरकारं शेजारी-शेजारी नांदतात. एक ग्रामपंचायत. दुसरी सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपल्या तोंडातली सोसायटी. पंचायत घरपट्टी-पाणीपट्टी घेते, सोसायटी मेंटेनन्स घेते. एकीला सरपंच आहे, दुसरीला चेअरमन. आणि दोघांनाही मुदतीआधी खुर्चीवरून उतरवायची सोय कायद्याने आधीच करून ठेवली आहे. या दोन सोयी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नुसतं ‘चेअरमन बदला’ म्हणण्यामागे केवढा विचार उभा आहे.

समजा, साठ घरांची एक सोसायटी आहे. चेअरमन चोर नाहीत. पैसे खाल्लेले नाहीत, कुणाशी भांडण नाही. फक्त काही होत नाही. बोअरवेलचा पंप जळून दोन महिने झाले. समितीची सभा कधी झाली ते सेक्रेटरींनाही आठवत नाही. गळतीचा अर्ज फाइलमध्ये पडून आहे. फोन केला तर ‘बघतो’ म्हणतात आणि खरंच बघायचं त्यांच्या मनात असतं. सोसायट्यांमध्ये नेहमी दिसणारा त्रास हाच. चोरासाठी पोलीस आहेत, अफरातफरीसाठी ऑडिटर आहे. पण भला माणूस नुसता बसून राहिला तर?

त्यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे, आणि तो फार विचारपूर्वक बनलेला शब्द आहे: अविश्वास ठराव. त्यात ‘अपराध’ नाही, ‘आरोप’ नाही. विश्वास उरला नाही, एवढंच. पंप का जळला हे सिद्ध करावं लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, चेअरमनच्या नावाला डाग लागत नाही. दोषी ठरवणं आणि पदावरून उतरवणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या. गैरव्यवहाराचा संशय असेल तर त्याची वाट निराळी: एकपंचमांश सभासदांनी अर्ज केला तर सहकार खात्याचे निबंधक चौकशी लावू शकतात, आणि नुकसान निघालं तर ते जबाबदार माणसाकडून वसूल करायचंही कलम आहे. पण निष्क्रियतेला चौकशी लागत नाही. तिथे विश्वासाची मोजणी पुरते.

मोजणी कोण करतं, हे पाहिलं की गंमत सुरू होते. साठ घरांतल्या बहुतेकांना वाटतं, आपण सगळे एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, हात वर करू आणि चेअरमनना घरी पाठवू. तसं होत नाही. अविश्वासाची वाट सर्वसाधारण सभेतून जात नाही, ती व्यवस्थापक समितीतून जाते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अन्यायाचं वाटलं. सहकारात अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची, हे तोच कायदा सांगतो. मग तिच्या हातून ही एक गोष्ट काढून का घेतली?

उत्तर निवडणुकीत दडलेलं आहे. आपण सभासद चेअरमन निवडतच नाही. आपण समिती निवडतो. शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे अकरा जणांची समिती असते: सहा सर्वसाधारण, दोन महिलांसाठी राखीव आणि तीन मागास प्रवर्गांसाठी. मग हे अकरा जण आपल्यातूनच चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार निवडतात. ज्या हातांनी बसवलं त्याच हातांनी उठवायचं. कायदा आंधळा नाही, तो फक्त मागे वळून विचारतो: बसवलं कुणी होतं?

हीच किल्ली पंचायतीला लावून पाहा. महाराष्ट्रात पूर्वी सरपंच सदस्यांतून निवडला जाई. २०१७ मध्ये तो थेट गावाने निवडायची पद्धत आली, २०२० मध्ये ती काढली गेली, २०२२ मध्ये परत आली. आता सरपंच थेट गावकऱ्यांच्या मतांनी बसतो. मग त्याला उठवायचं कसं? सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला तरी काम पुरं होत नाही. तो ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करतं, किंवा करत नाही. गावाने बसवलं, म्हणून गावाला विचारल्याशिवाय उठवता येत नाही. निवडीची पद्धत बदलली तशी उचलबांगडीची पद्धतही तिच्यामागोमाग बदलली. माणसाच्या सावलीसारखी.

सोसायटीतली ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी फिरते, ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

समितीच्या एकतृतीयांश सदस्यांनी सही करून मागणी करायची. अकरांचा तिसरा हिस्सा म्हणजे साडेतीनहून थोडा जास्त, तेव्हा चार सह्या. हा कागद चेअरमनच्या हातात द्यायचा नाही, निबंधकांकडे द्यायचा. हे फार शहाणपणाचं आहे. ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्यालाच सभा बोलवायला सांगितलं तर ती सभा कधी होणार? निबंधकांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची, आणि अध्यक्षस्थानी स्वतः निबंधक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी बसतो. चेअरमन त्या दिवशी स्वतःच्याच समितीत एक साधा सदस्य होऊन बसतात.

आता त्या सभेचा नियम ऐका. ही सभा कोणत्याही कारणाने तहकूब करता येत नाही. पाऊस असो, रस्ता बंद असो, कुणाचं लग्न असो. जुन्या सभांमध्ये किती ठराव ‘पुढच्या वेळी’ या दोन शब्दांत बुडाले असतील, म्हणून कुणीतरी हे वाक्य लिहिलं असणार. ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश मतं लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूणांच्या. अकरांत ती संख्या आठ. घरी बसलेला सदस्यही इथे चेअरमनच्या बाजूने मोजला जातो. आणि मतं गुप्त नसतात: कोण बाजूने, कोण विरोधात, ती नावं सभेत वाचून दाखवायची आणि इतिवृत्तात लिहायची.

इथे मी बराच वेळ थांबलो. एकाच शिवारात, शेजारी-शेजारी, एक मत उघड आणि एक मत गुप्त. का? मला सुचलेलं कारण असं: गावातला मतदार स्वतःसाठी मत देतो, त्याला सरपंचाच्या घरासमोरून रोज जायचं असतं, म्हणून त्याला आडोसा हवा. समितीचा सदस्य मात्र स्वतःसाठी मत देत नाही. पाच-सहा घरांमागे एक अशा हिशेबाने तो इतरांच्या वतीने तिथे बसला आहे. त्याने काय केलं हे त्या घरांना कळलं पाहिजे. आडोसा मालकाला, उजेड कारभाऱ्याला. कायद्याच्या पुस्तकात हे कारण लिहिलेलं नाही. मला ते त्या दोन नियमांच्या मधल्या जागेत वाचायला मिळालं.

तरीही खुर्चीला थोडं संरक्षण आहे. पदावर आल्यापासून ठरावीक काळ अशी मागणी करता येत नाही. ठराव फेटाळला गेला तर पुढे काही काळ नवा आणता येत नाही. सरपंचालाही दोन वर्षांची मुभा असते, आणि पंचायतीच्या मुदतीचे शेवटचे सहा महिनेही. नव्या माणसाला पंपाची चावी कुठे असते हे कळायलाही वेळ लागतो, हे कायद्याला ठाऊक आहे.

मग साठ घरांतले समितीबाहेरचे एकोणपन्नास जण काय करतात? त्यांच्या हातात एक वेगळीच शक्ती आहे. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. साठ घरांत बारा सह्या. त्या सभेत चेअरमनना उतरवता येत नाही, पण पंप का जळला, निविदा का मागवल्या नाहीत, सिंकिंग फंड कुठे ठेवला, हे सगळ्यांदेखत विचारता येतं. समितीतल्या ज्या चौघांनी अजून सही केलेली नाही, तेही त्याच हॉलमध्ये बसून ऐकत असतात. चार आणि आठ हे आकडे बहुधा तिथेच तयार होतात.

कशेळ्यासारख्या ठिकाणी खरी अडचण कोरमची. घरमालक दर महिन्याला येतात असं नाही. सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यातली कमी संख्या लागते. साठ घरांना वीस. एवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्याच दिवशी अर्ध्या तासाने किंवा नंतर ती कोरमशिवाय भरू शकते. नियम माहीत नसलेला माणूस कोरम नाही म्हणून गाडी काढून निघतो, आणि राहिलेले सात जण वर्षभराचे ठराव मंजूर करतात. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यायचीच असते. सप्टेंबरातल्या ओल्या रविवारी डोंबिवलीहून नेरळची लोकल पकडणारा सभासद त्या अर्ध्या तासात काय वाचवतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रॉक्सी चालत नाही. सहकारात एक सभासद, एक मत, आणि ते मत द्यायला माणूस लागतो.

काही खुर्च्या मात्र ठरावाशिवायच रिकाम्या होतात. आदर्श उपविधींप्रमाणे रजा न घेता समितीच्या सलग तीन मासिक सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व जातं. हा नियम किती साधा आहे! जो येत नाही, तो नाही. पण त्याला एक अट आहे जी कुणाच्या ध्यानात येत नाही: त्यासाठी मासिक सभा भरली पाहिजे, तिची नोटीस निघाली पाहिजे आणि हजेरी लिहिली गेली पाहिजे. ज्या समितीची सभाच होत नाही, तिथे कुणी गैरहजर ठरतच नाही. म्हणून सोसायटीत सर्वांत मोलाची वस्तू लिफ्ट नव्हे, जनरेटर नव्हे. इतिवृत्ताची वही.

हिशेब दिसला पाहिजे, ही मागणी या मातीला नवी नाही. कशेळ्यातच असलेल्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा सामायिक साठ्यातून धान्य उचलायचं, सुगीला थोडं वाढीव घालून परत करायचं. सावकाराच्या दाराऐवजी स्वतःचं कोठार. अशा बँकेत हिशेब डोळ्यांनी दिसतो: रास खाली गेली की वर आली, हे पोरालाही कळतं. सोसायटीचा पैसा बँकेच्या पासबुकात असतो, रास दिसत नाही. म्हणून तिथे तीच गोष्ट कागदाने दाखवावी लागते: ऑडिट, ताळेबंद, आणि सभासदाला वह्या पाहण्याचा हक्क.

याचं एक फार जुनं रूप पाहायचं तर तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरला जावं लागतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, चोळ राजा परांतकाच्या काळात, तिथल्या मंदिराच्या भिंतींवर ग्रामसभेने समित्या निवडायचे नियम कोरून ठेवले. तीस प्रभाग. प्रत्येक प्रभागातून पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एक उचलायची. वय पस्तीस ते सत्तर. मुदत तीनशे साठ दिवस. आणि अपात्रतेच्या यादीत अगदी वरती: जो पूर्वी समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिला नाही, तो नाही, त्याचे जवळचे नातेवाईकही नाहीत. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं हे वाक्य मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नातेवाइकाला उभं करून मागून कारभार हाकण्याची युक्तीसुद्धा त्यांना माहीत होती आणि त्यांनी ती आधीच अडवली होती.

ग्रीसमधल्या अथेन्सने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात याहून निष्ठुर मार्ग काढला. वर्षातून एकदा लोक फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर एकेक नाव खरवडत. सहा हजारांचा आकडा गाठला गेला तर ज्याचं नाव सर्वाधिक, त्याला दहा वर्षं शहर सोडावं लागे. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ताही जप्त नाही. परतल्यावर तो पुन्हा नागरिक. तिथेही अविश्वास आणि अपराध वेगळे ठेवलेले होते. अक्रोपोलिसच्या उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे एकशे नव्वद खापऱ्या सापडल्या. त्यांच्यावरचं अक्षर जेमतेम चौदा हातांचं आहे. कुणीतरी आधीच नाव लिहून वाटायला ठेवल्या होत्या. सह्यांची मोहीम किती जुनी आहे, ते त्या खापऱ्या सांगतात.

आणि आपल्याकडे? मराठी मुलखात पाटीलकी वतनाची होती. पाटलाला मत देऊन बसवलं नव्हतं, म्हणून मत देऊन उठवायचा प्रश्नच नव्हता. मुंबईत मात्र १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना दार उघडलं आणि तीनच वर्षांत घरांची संस्था आली. घरमालक आपले कारभारी स्वतः निवडतात, आणि म्हणून बदलूही शकतात, ही कल्पना इथल्या मध्यमवर्गाच्या अंगणात अशी उतरली. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला, आणि २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. आज राज्यात एक लाखाहून जास्त अशा संस्था आहेत. अडीचशेपर्यंत सभासदांच्या सोसायटीला तर आपली निवडणूकही आपणच घेता येते.

उठवून झालं, की पुढचा प्रश्न सर्वांत अवघड. बसणार कोण? जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेत याचं उत्तर मोठं नामी दिलं. तिथे चॅन्सलरला नुसतं पाडता येत नाही. त्याच मतदानाने नवा निवडावा लागतो. १९७२ मध्ये असा प्रयत्न फसला, १ ऑक्टोबर १९८२ ला यशस्वी झाला आणि हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले. आपल्या सोसायटीच्या कायद्यात ही अट नाही. आठ मतं जमली की खुर्ची रिकामी. त्या आठांतल्या प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी चेअरमन व्हावं असं वाटत असेल, तर महिनाभर रिकामीच राहते. समितीतले पुष्कळ जण राजीनामे देऊन बसले आणि समितीच उरली नाही, तर निबंधक तात्पुरता प्रशासक आणतात. घर आपलं, सही परक्याची. म्हणून माझं मत असं आहे की चार सह्यांचा कागद निबंधकांकडे नेण्याआधी पाचव्या माणसाशी बोलून घ्यावं, जो म्हणेल, ‘मी घेतो.’

तो माणूस मिळाला की मग येतो चार्ज. त्यासाठीही कायद्यात एक कलम आहे, १६० वं: नवी समिती आणि तिचा अध्यक्ष निवडला गेला की मावळत्या अध्यक्षाने कार्यालयाचा ताबा, कागदपत्रं आणि मालमत्ता नव्याच्या हाती द्यायची, न दिल्यास निबंधक तसा आदेश देऊ शकतात. वाचायला एक ओळ. प्रत्यक्षात ती एक संध्याकाळ असते. प्लॅस्टिकच्या टेबलावर एकेक वस्तू येते: सभासदांची ‘आय’ नोंदवही, ‘जे’ यादी, इतिवृत्ताची वही, चेकबुक, बँकेत सह्या बदलायचा ठराव, इमारतीचा मंजूर नकाशा, लिफ्टच्या परवान्याची झेरॉक्स. जुने चेअरमन खिशात हात घालून मीटर रूमची चावी काढतात, आणि कुणी न विचारताच सांगायला लागतात: पंपाचा मेकॅनिक नेरळला बसतो, फोन उचलत नाही, सकाळी आठच्या आत जाऊनच गाठावा लागतो; मी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा उशीर झाला.

नवे चेअरमन ते वहीत लिहून घेतात.